अडत दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वजन’ हे नाव बदलताना: व्हिममधल्या रोप प्लगिनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी तीन प्रोग्रामरची छोटी कंपनी अडत्यांसाठी सॉफ्टवेअर चालवते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आवकेची नोंद, सौदा, शेतकऱ्याची पट्टी, खरेदीदाराचं बिल, हमाली-तोलाई, उचल असा दुकानाचा सगळा हिशोब त्यात होतो. कोड पायथन भाषेत, जँगो या वेब फ्रेमवर्कवर, डेटाबेस पोस्टग्रेस. लिहिणारी माणसं अधूनमधून बदलत गेलेली. तिघंही व्हिम (टर्मिनलमध्ये चालणारा एडिटर) वापरतात, कारण बरंचसं काम सर्व्हरवर दुरून जोडून चालतं आणि ऑफिसातली यंत्रं जुनी आहेत.

कोडातली नावं प्रत्यक्षात रोमन लिपीत आहेत. इथे ती देवनागरीत दिली आहेत.

या सॉफ्टवेअरमध्ये दोन मुख्य क्लास, म्हणजे नोंदींचे प्रकार, आहेत. ‘आवक’ म्हणजे गाडी काट्यावर आली तेव्हाची नोंद. तिच्यातलं ‘वजन’ हे बारदान्यासकट, म्हणजे ढोबळ. ‘पट्टी’ म्हणजे शेतकऱ्याच्या हातात जाणारा हिशोब. तिच्यातलं ‘वजन’ हे बारदाना वजा करून उरलेलं, म्हणजे निव्वळ. दोन्हींना एकच नाव पडलं, कारण दोन्ही क्लास वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या माणसांनी लिहिले आणि तेव्हा ते एकमेकांजवळ कधी येत नव्हते.

अडचण

सोयाबीनच्या हंगामात इलेक्ट्रॉनिक काट्यावरून नोंदी थेट आत घेणारी नवी स्क्रीन सुरू झाली. रक्कम काढणाऱ्या जुन्या फंक्शनला ‘नोंद’ नावाचा एक पॅरामीटर होता आणि ते ‘नोंद.वजन’ गुणिले भाव एवढंच करायचं. नव्या स्क्रीनने त्याला पट्टीऐवजी आवक दिली. दोन्हीकडे ‘वजन’ असल्यामुळे पायथनने तक्रार केली नाही.

एका दुकानातल्या मुनीमजींच्या हे लक्षात आलं. चाळीस कट्टे, ढोबळ २,४२० किलो. कट्ट्यामागे एक किलो बारदाना धरला तर निव्वळ २,३८० किलो. क्विंटलला ४,२०० रुपये भावाने पट्टी ९९,९६० रुपयांची व्हायला हवी. छापून आली १,०१,६४० ची. सोळाशे ऐंशी रुपयांचा फरक, तोही एका शेतकऱ्याच्या एका मालावर.

चूक दुरुस्त करायला एक ओळ पुरली: फंक्शनला योग्य वस्तू द्यायची. ते त्याच संध्याकाळी झालं. पण उद्या कुणी पुन्हा चुकीची वस्तू दिली तर पुन्हा असंच गुपचूप होणार होतं. आवकेत ‘ढोबळ_वजन’ आणि पट्टीत ‘निव्वळ_वजन’ असतं, तर पहिल्याच चाचणीत ‘असं अॅट्रिब्यूट नाही’ (वस्तूत त्या नावाचं काही नाही) म्हणून प्रोग्राम थांबला असता. नाव बदलायचं ते त्यासाठी, सुबकपणासाठी नव्हे.

हा पहिला निर्णय नीट घेतला गेला: चूक लगेच सुधारायची, पण नाव बदलण्याचं काम हंगाम ओसरेपर्यंत हातात घ्यायचं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पट्टी छापायचं थांबलं तर दुकानदार फोन करत नाही, थेट दारात येतो.

कोणते पर्याय होते

नाव तसंच ठेवून वर टिप्पणी लिहायची, हा पहिला पर्याय. टिप्पणी वाचून चूक टळत असती तर ही वेळच आली नसती. तो लगेच बाद झाला.

दुसरा, सेड या कमांडने सगळीकडे शोध-आणि-बदल. इथे तो मुळातच चालत नाही, कारण एकाच शब्दाची दोन वेगळी नावं करायची आहेत आणि कुठलं ‘वजन’ कुणाचं हे सेडला कळत नाही. शिवाय शब्दाची सीमा न लावता चालवला तर ‘वजनकाटा’ हे मॉड्यूलही बदलून जातं. सर्वांत वाईट म्हणजे तो जुन्या मायग्रेशन फायलींतही (डेटाबेसच्या रचनेतले बदल जँगो ज्यांत नोंदवतं त्या) हात घालतो. मग जँगोला वाटतं की नवं नाव पहिल्यापासूनच होतं. नवं मायग्रेशन तयार होत नाही आणि चालू डेटाबेसमध्ये मात्र जुनाच कॉलम असतो.

तिसरा, पायचार्मसारखा मोठा एडिटर घ्यायचा. त्याच्या पैशाच्या आवृत्तीला जँगोची टेम्प्लेटंही (पानांचे आणि छपाईचे साचे) कळतात. ही खरी जमेची बाजू होती आणि ती पुढे चांगलीच जाणवली. पण त्या यंत्रांवर तो जड गेला असता आणि एका कामासाठी तिघांची सवय बदलायला कुणी राजी नव्हतं.

चौथा पर्याय व्हिममधलं रोपव्हिम प्लगिन. रोप ही पायथनच्या रिफॅक्टरिंगची, म्हणजे वागणूक न बदलता कोड सुधारण्याची, लायब्ररी आणि रोपव्हिम तिला व्हिमशी जोडतं. रोप कोड वाचून कुठलं नाव कुठल्या क्लासचं हे ठरवायचा प्रयत्न करतं. म्हणूनच ते निवडलं.

तयारी

बसवतानाच पहिला अडथळा आला. उबुंटूवर जे हलकं व्हिम आधीपासून असतं, त्यात पायथनची सोय नसते. व्हिममध्ये ‘एको हॅज पायथन३’ विचारल्यावर ० आलं. ‘व्हिम-नॉक्स’ पॅकेज घातल्यावर १ आलं. त्यानंतरही रोप सापडेना, कारण ते प्रकल्पाच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये (त्या प्रकल्पापुरत्या लायब्ऱ्यांच्या वेगळ्या फोल्डरमध्ये) बसवलं होतं. व्हिम ज्या पायथनशी जोडलेलं आहे, त्याला दिसेल अशा जागी रोप असावं लागतं.

पुढची पायरी प्रकल्पाचं मूळ फोल्डर ठरवण्याची. आपण रोप जिथे उघडतो तिथे ते ‘.रोपप्रोजेक्ट’ नावाचं फोल्डर तयार करतं आणि त्याच्या आतल्याच फायली पाहतं. एकाने ते चुकून ‘पट्टी’ या उपफोल्डरमध्ये उघडलं होतं. तसंच पुढे गेले असते तर नाव पट्टीच्या फायलींत बदललं असतं, बिलाच्या फायलींत नाही, आणि रोपने ‘काम झालं’ असंच सांगितलं असतं. ते फोल्डर पुसून रेपॉझिटरीच्या (सगळ्या कोडाच्या फोल्डरच्या) मुळाशी नव्याने उघडलं आणि गिटने (कोडातल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) दुर्लक्ष करायच्या यादीत टाकलं.

‘.रोपप्रोजेक्ट’मधल्या कॉन्फिग फायलीत दोन गोष्टी पाहाव्या लागल्या. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटचं फोल्डर ‘एन्व्ह’ नावाने प्रकल्पाच्या आतच होतं. ते वगळलं नाही तर रोप त्यातल्या सगळ्या लायब्ऱ्या चाळत बसतं, आणि अनिश्चित जागाही बदलायला सांगितलं तर परक्या कोडलाही हात लावू शकतं. ते ‘इग्नोअर्ड रिसोर्सेस’मध्ये टाकलं.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. रेपॉझिटरीत पायथन २ च्या काळातली एक स्क्रिप्ट पडून होती, कंसाशिवाय प्रिंट असलेली. रोप तिथे अडकून सिंटॅक्सची (भाषेच्या लेखननियमांची) चूक दाखवू लागलं. कॉन्फिगमध्ये ‘इग्नोअर सिंटॅक्स एरर्स’ खरं केलं की तक्रार थांबते, पण मग रोप अशी फाईल रिकामी समजतं. उद्या चालू कोडातल्या एखाद्या फाईलमध्ये सिंटॅक्स चुकला, किंवा व्हिमचं पायथन जुनं असून प्रकल्पात नवी रचना वापरली असली, तर ती अख्खी फाईल गुपचूप सुटेल. म्हणून तो पर्याय खोटाच ठेवला आणि जुनी स्क्रिप्ट रेपॉझिटरीतून काढून टाकली.

शेवटी मॉड्यूलांचं विश्लेषण करणारी रोपची कमांड एकदा चालवली. तिने फंक्शनला कुठून कुठली वस्तू दिली जाते याची थोडी नोंद रोपकडे जमते.

नाव बदलण्याचं काम

दोन्हींपैकी आधी कुठलं बदलायचं? आवक कमी ठिकाणी वापरली जाते, म्हणून आधी तीच घेतली. ती पूर्ण निस्तरली की कोडात उरलेलं प्रत्येक ‘वजन’ पट्टीचंच असतं आणि दुसरी फेरी सोपी जाते. एका नावाची दोन करायची असतील तेव्हा हा क्रम फार उपयोगी पडतो.

आवकेच्या क्लासमध्ये ‘वजन’वर कर्सर ठेवून रोप-रिनेम दिलं. प्लगिन नवं नाव विचारतं आणि काही पर्याय दाखवतं. त्यातले दोन महत्त्वाचे. ‘डॉक्स’ चालू असेल तर टिप्पण्या आणि स्ट्रिंगांमधलं नावही बदलतं. ते बंद ठेवलं, कारण ‘वजन’ हा शब्द छापील मजकुरातही येतो. ‘अनशुअर’ म्हणजे ज्या जागांबद्दल रोपला खात्री नाही त्यांचं काय करायचं. त्याचंही उत्तर आधी ‘नाही’ दिलं. मग थेट परफॉर्म न करता प्रिव्ह्यू पाहिला.

प्रिव्ह्यू अपेक्षेपेक्षा फारच लहान निघाला, आणि या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे. क्लासच्या आतलं ‘सेल्फ.वजन’ रोपला कळलं. थेट ‘आवक()’ म्हणून बनवलेल्या वस्तू कळल्या. पण जँगोत बहुतेक वस्तू ‘आवक.ऑब्जेक्ट्स.गेट’ अशा मागवलेल्या असतात, आणि ‘ऑब्जेक्ट्स’ हे जँगो क्लास तयार होताना आपणहून जोडतं. कोड नुसता वाचून रोपला ते दिसत नाही. त्यामुळे तिथून आलेली वस्तू कुठल्या क्लासची हे त्याला माहीत नसतं आणि तिच्यावरचं ‘.वजन’ अनिश्चित ठरतं. जँगोच्या प्रकल्पात निम्म्याहून जास्त जागा अशा असल्या तर नवल नाही.

‘अनशुअर’ला ‘हो’ म्हटलं तर उलटं होतं: पट्टीचंही ‘.वजन’ आवकेच्या यादीत येतं. रोपव्हिमचा प्रिव्ह्यू एक तर सगळा स्वीकारायचा, नाही तर सगळा नाकारायचा. त्यात एकेक ओळ निवडता येत नाही. म्हणून त्यांनी अशी रीत ठेवली. आधी खात्रीचे बदल करून कमिट, म्हणजे गिटमध्ये पक्की नोंद. मग ‘अनशुअर’ चालू करून पुन्हा रिनेम, पण ‘रिसोर्सेस’ पर्यायाने एका वेळी एकाच मॉड्यूलच्या फायली देऊन. बदल होऊ द्यायचे आणि ‘गिट चेकआउट’ पॅच पद्धतीने चालवून पट्टीच्या ओळी एकेक करून मागे घ्यायच्या. उरलेलं कमिट करायचं.

एक अपघात याच टप्प्यात झाला. एका मॉड्यूलमध्ये रिनेम केल्यानंतर त्याच फायलींत हाताने काही दुरुस्त्या झाल्या. मग रिनेम नको वाटला म्हणून रोप-अनडू दिलं. रोपचा अनडू नावं उलटी फिरवत नाही. बदलाच्या आधी अख्ख्या फाईलमध्ये जे होतं ते परत लिहितो. हाताने केलेलं सगळं पुसलं गेलं आणि कमिट केलेलं नव्हतं. त्यानंतर नियम ठरला: रिनेमनंतर फाईलला हात लावला असेल तर मागे फिरायचं ते गिटने, रोपच्या अनडूने नाही.

रोपच्या हाताबाहेरचं

नाव जिथे स्ट्रिंग म्हणून किंवा पायथनबाहेर येतं, तिथे रोप काही करत नाही. अशा जागांचे दोन गट पडतात, आणि दोन्हींची काळजी वेगळी घ्यावी लागते.

पहिला गट आरडाओरडा करणारा. ‘फिल्टर’मधलं ‘वजन’, ‘व्हॅल्यूज लिस्ट’मधली स्ट्रिंग, सिरियलायझरच्या (बाहेर जाणारा डेटा तयार करणाऱ्या कोडाच्या) फील्डांची यादी. जुनं नाव राहिलं तर जँगो लगेच एरर देतं. टेस्ट चालवल्या की बहुतेक सापडतात.

दुसरा गट मुका, आणि खरा धोका त्यात. जँगोच्या टेम्प्लेटमध्ये ‘पट्टी.वजन’ असं राहिलं आणि तसं अॅट्रिब्यूट नसलं, तर एरर येत नाही. तिथे रिकामी जागा छापली जाते. ‘गेट-अॅट्र’ला (नाव स्ट्रिंग म्हणून घेऊन अॅट्रिब्यूट वाचणारं फंक्शन) ते न सापडल्यास वापरायचं मूल्य म्हणून शून्य दिलेलं असेल तर वजन शून्य धरून हिशोब पुढे जातो. तोलाईच्या रिपोर्टमध्ये असं एक होतंच. आणि कुठे ‘पट्टी.वजन = …’ करून ‘सेव्ह’ केलेलं असेल, तर पायथन वस्तूवर नवं अॅट्रिब्यूट मुकाट्याने चिकटवतो, डेटाबेसमध्ये काहीच जात नाही. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला जुनी किल्ली सापडली नाही की बेरजेच्या जागी ‘नॅन’ (संख्या नाही) दिसतं. निदान ते दिसतं तरी.

हा मुका गट शोधायला ‘गिट ग्रेप’ने पूर्ण शब्द शोधून यादी व्हिमच्या क्विकफिक्स खिडकीत उघडली आणि दर जागी होकार विचारत बदल केले. तरी छापायचं एक टेम्प्लेट सुटलं. त्यात ‘पट्टी’ला ‘प’ असं छोटं नाव दिलेलं होतं आणि वाचणाऱ्याला ती आवकेची जुनी, बंद पडलेली पावती वाटली. चाचणीसाठी एका ओळखीच्या दुकानात आवृत्ती दिली होती. तिथून फोन आला: “ओ सर, पट्टीवर वजनच येईना बघा. रक्कम बरोबर हाय, पण रकाना कोराच.”

त्यानंतर त्यांनी जे केलं ते या सगळ्यातलं सर्वांत कामाचं. दोन्ही क्लासवर ‘वजन’ नावाची तात्पुरती प्रॉपर्टी ठेवली, वाचण्याची आणि लिहिण्याचीही. ती नव्या नावाकडे वळवते, पण दर वेळी लॉगमध्ये इशारा टाकते. टेम्प्लेट, ‘गेट-अॅट्र’, चुकार असाइनमेंट या तिन्ही मुक्या जागा त्यात अडकतात. वस्तू बनवताना ‘वजन’ हे कीवर्ड दिलं तरी चालतं, कारण जँगोचं मॉडेल प्रॉपर्टीचं नावही स्वीकारतं. ‘फिल्टर’मध्ये ती चालत नाही, पण तो गट स्वतःच ओरडतो. एक बारकावा: टेम्प्लेटमधून वाचलं गेलं तर इशाऱ्यात टेम्प्लेट इंजिनची ओळ येते, टेम्प्लेटचं नाव येत नाही. म्हणून लॉगमध्ये पानाचा पत्ताही लिहावा लागला.

डेटाबेस आणि बाहेरची नाती

इथे मोठा निर्णय होता. मॉडेलमधलं फील्ड बदलल्यावर ‘मेकमायग्रेशन्स’ विचारतं: हे नाव बदललंय का? उत्तराचा ठरलेला पर्याय ‘नाही’ आहे. नुसतं एंटर दाबलं, किंवा प्रश्न न विचारण्याचा पर्याय देऊन स्क्रिप्टमधून चालवलं, तर जुना कॉलम काढून नवा जोडणारं मायग्रेशन तयार होऊ शकतं. म्हणजे सगळ्या हंगामांची वजनं गेली. त्यामुळे मायग्रेशनची फाईल उघडून त्यात ‘रिनेमफील्ड’ आहे, ‘रिमूव्हफील्ड’ नाही, हे डोळ्यांनी पाहणं सक्तीचं केलं.

कॉलमचं नाव बदलणं पोस्टग्रेसला जड नाही. डेटा हलत नाही. पण दोन दुकानांचे मुनीम एक्सेलमधून थेट डेटाबेस वाचतात, आणि त्यांच्या शीट कोण सुधारणार? म्हणून ‘डीबी-कॉलम’ देऊन डेटाबेसमध्ये जुनंच नाव ठेवलं, कोडात फक्त नवं. ‘एसक्यूएलमायग्रेट’ने डेटाबेसला काहीच करायचं नाही असं दाखवल्यावरच ते पुढे गेलं. दुकानदारांच्या मोबाइलमधल्या अॅपला जाणारी किल्लीही ‘वजन’च राहिली, सिरियलायझरमध्ये ‘सोर्स’ म्हणून नवं नाव दिलं. सगळ्यांकडचं अॅप एकाच दिवशी अद्ययावत होईल या भरवशावर कुणी राहू नये.

अंमल आणि निकाल

नवी आवृत्ती येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) दिवशी चढवली. सोयाबीनचा जोर ओसरलेला, नवी तूर अजून यायची, आणि त्या दिवशी सगळं गाव भज्जी-आंबील घेऊन शेतात. बाजार बंद, छापायला पट्टी नाही. काही बिघडलं तर परत फिरायला अख्खा दिवस हाताशी.

दुसऱ्या दिवशी सौदे सुरू झाल्यावर लॉगमध्ये जुन्या नावाचे इशारे आले ते सगळे दोन टेम्प्लेटं आणि तोलाईच्या रिपोर्टातले. हिशोब कुठेच चुकला नाही, कारण प्रॉपर्टी मधे होती. तुरीच्या हंगामात नवी स्क्रीन लिहिताना एकाने पुन्हा पट्टीच्या जागी आवक दिली. या वेळी टेस्टमध्येच ‘निव्वळ_वजन नाही’ म्हणून प्रोग्राम थांबला आणि ती चूक दुकानापर्यंत गेलीच नाही.

काय वेगळं करता आलं असतं

प्रॉपर्टी पहिल्या दिवशीच ठेवायला हवी होती, रोपला हात लावायच्याही आधी. मग कोरी पट्टी छापलीच गेली नसती, आणि ‘अनशुअर’च्या जागा वाचून ओळखण्याऐवजी लॉगमधूनच निम्म्या कळल्या असत्या.

टेम्प्लेटच्या टेस्टमध्ये जँगोची ‘स्ट्रिंग इफ इनव्हॅलिड’ ही सेटिंग एखाद्या ठळक मजकुरावर ठेवली असती तरी तो रकाना कोरा न राहता डोळ्यात भरला असता. ती फक्त टेस्टमध्येच ठेवावी. चालू सर्व्हरवर ठेवली तर जिथे रिकामं असणंच अपेक्षित आहे, तिथेही तो मजकूर ग्राहकाला दिसतो.

रोप निवडणं चुकलं असं म्हणता येत नाही. पण जँगोच्या कोडात त्याच्याकडून काय होईल याचा अंदाज आधी घेतला नाही. एका छोट्या मॉडेलवर ‘अनशुअर’ बंद आणि चालू असे दोन प्रिव्ह्यू काढून फरक मोजला असता, तर हाताने किती काम उरणार हे सुरुवातीलाच कळलं असतं आणि तीन दिवसांचं वेळापत्रक कुणी मांडलं नसतं. मॉड्यूलमागून मॉड्यूल करताना शेवटी ते दोन आठवड्यांवर गेलं.

तात्पुरती प्रॉपर्टी अजून काढलेली नाही. वर्षअखेरीचे रिपोर्ट मार्चनंतरच निघतात. तो कोड एकदा चालून लॉग कोरा आला की ती काढायची, असं ठरलं आहे.